माती नाही, तरी मका आला: ज्युलियस सॅक्सची गोष्ट

हायड्रोपोनिक्सची रील बघितली नाही असा माणूस आता शोधावा लागेल. पांढरे पाइप, त्यांना ओळीने भोकं, प्रत्येक भोकातून डोकावणारा हिरवागार लेट्यूस आणि खाली कॅप्शन: माती नको, फक्त पाणी! यातलं ‘माती नको’ बरोबर आहे. ‘फक्त पाणी’ मात्र साफ चूक. नुसत्या पाण्यावर रोप काही दिवस तग धरतं, मग पिवळं पडतं आणि थांबतं. पाण्यात नेमकं काय आणि किती असलं की रोप बी धरेपर्यंत वाढतं, हे ज्यांनी वजन करून दाखवलं त्यांच्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे ज्युलियस फॉन सॅक्स.

नाव ओळखीचं वाटत नसलं तरी त्याचं काम तुम्ही शाळेत केलंय. पान स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढायचा, मग आयोडीनचे थेंब टाकायचे आणि ते निळं-काळं झालं की वहीत लिहायचं, पानात स्टार्च आहे. ती चाचणी सॅक्सच्याच कामातून आलेली आहे.

ही गोष्ट आज सांगण्याचं एक कारण आहे. तुमची धाकटी बहीण किंवा भाचा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या प्राथमिक शाळेत असेल, तर त्याला विचारून बघा, झाड काय खातं? बहुतेक वेळा उत्तर येतं, माती. आपल्याकडे शाळेची इमारत जांभ्याच्या कातळावर असते. पोषण आहारासाठी परसबाग करायची म्हटली की माती बाहेरून आणावी लागते आणि एका पावसाळ्यात ती धुऊन जाते. अशा ठिकाणी मातीशिवाय रोप वाढवून दाखवणं हा मस्त प्रयोग आहे. पण तो दाखवताना मुलांच्या डोक्यात ‘झाड माती खातं’ याच्या जागी ‘झाड पाणी खातं’ एवढंच गेलं, तर आपण एक चूक काढून तिथे दुसरी बसवली. सॅक्सचं आयुष्य नीट समजून घेतलं की हे टळतं.

चित्रं काढणारा पोरका मुलगा

सॅक्सचा जन्म २ ऑक्टोबर १८३२ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. तेव्हा हे शहर प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. वडील धातूवर चित्रं कोरणारे कारागीर. घरात पैसा बेताचाच. पण वडिलांनी पोराला एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे बघून चित्र काढणं. फूल समोर ठेवायचं आणि जसं दिसतं तसंच कागदावर उतरवायचं.

१८४८ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी आईही गेली. सतरा वर्षांच्या आसपासचा हा मुलगा एकटा पडला, शाळा सुटली, पुढे काय करायचं याचा पत्ता नाही.

इथे एका शेजाऱ्याने त्याला हात दिला. यान पुर्किन्ये हे चेक शास्त्रज्ञ ब्रेस्लाऊत प्राध्यापक होते. मेंदूतल्या ‘पुर्किंजे पेशी’ त्यांच्याच नावाच्या, आणि बोटांच्या ठशांचं पहिलं वर्गीकरणही त्यांनीच केलेलं. सॅक्सची त्यांच्या मुलांशी दोस्ती होती, त्यामुळे घरी येणं-जाणं होतं. पुर्किन्ये प्रागला गेले आणि १८५१ मध्ये त्यांनी या मुलाला तिकडे बोलावून घेतलं. काम काय? वैज्ञानिक चित्रं काढणं. राहायला जागा, पोटाला अन्न आणि शिकायची संधी, हे सगळं त्याला मिळालं ते हातातल्या पेन्सिलीमुळे.

प्रागमध्ये आणखी एक गोष्ट घडली. पुर्किन्येंनी १८५३ मध्ये ‘झिवा’ नावाचं विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं, तेही चेक भाषेत. त्या काळी तिथे विज्ञानाची भाषा म्हणजे जर्मन. सामान्य चेक माणसाला त्याच्या भाषेत निसर्ग समजावा म्हणून हा खटाटोप होता. जर्मन सॅक्सचे सुरुवातीचे लेख या चेक मासिकात छापून आले.

हे वाचताना आपल्याकडचं एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’मुळे ते पत्रकार म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं आणि त्यातून विज्ञान, भूगोल, इतिहास असे विषय मराठीत समजावून सांगितले. म्हणजे ‘झिवा’च्याही तेरा वर्षं आधी. ते प्राथमिक शिक्षकांना घडवायचंही काम करत. सिंधुदुर्गातल्या शाळेत मराठीतून विज्ञान सांगणाऱ्या आजच्या बाईंच्या मागे ही अशी जुनी परंपरा आहे.

विलो, पुदिना आणि एक अर्धवट उत्तर

सॅक्स १८५६ मध्ये डॉक्टरेट झाला आणि वनस्पतींचं शरीरशास्त्र हा त्या काळी नवाच असलेला विषय शिकवू लागला. १८५९ मध्ये ड्रेस्डेनजवळच्या थारांट इथल्या शेती आणि वनशास्त्राच्या संस्थेत त्याला सहायकाची नोकरी मिळाली. तिथे त्याच्यापुढे एक जुना प्रश्न होता. झाडाचं वजन येतं कुठून?

बेल्जियममधल्या व्हॅन हेल्मॉन्टने दोनशे पौंड सुकी माती कुंडीत भरून पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं होतं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला, झाड पाण्याचं बनतं. हे १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

मग १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिन्याच्या जातीची रोपं वेगवेगळ्या पाण्यात ठेवली. पावसाचं पाणी, थेम्स नदीचं पाणी, बागेची माती कालवलेलं पाणी. पावसाच्या स्वच्छ पाण्यात रोपं कमी वाढली, माती कालवलेल्या पाण्यात सगळ्यात जास्त. म्हणजे मातीतून काहीतरी पाण्यात उतरतं आणि झाडाला तेच हवं असतं. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे काय?

१८४० मध्ये लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने ठासून मांडलं की झाडांना खनिज क्षार लागतात. पण कागदावर मांडणं वेगळं आणि समोर रोप वाढवून दाखवणं वेगळं.

एक लिटर पाण्यात पावणेतीन ग्रॅम

सॅक्सने काय केलं बघा. मक्याचं बी धुतलेल्या वाळूत रुजवलं. मुळं थोडी लांब झाल्यावर रोप काढून, मुळं धुऊन, बुचाच्या भोकात अडकवलं. बूच काचेच्या बरणीवर बसवलं. मुळं पाण्यात, दाणा पाण्याच्या वर. पाणी शुद्ध, आणि त्यात स्वतः मोजून टाकलेले क्षार.

१८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातली ही त्याची रेसिपी, एक लिटर पाण्यासाठी: पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम, कॅल्शियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, कॅल्शियम सल्फेट अर्धा ग्रॅम, साधं मीठ पाव ग्रॅम आणि लोहाचा क्षार अगदी चिमूटभर. एकूण पावणेतीन ग्रॅम. त्यावर त्याने बी धरणारी रोपं वाढवली. साधारण याच काळात लाइपझिगजवळ विल्हेल्म क्नॉप हाही असंच काम करत होता आणि १८६५ चं त्याचं द्रावण पुढे आणखी जास्त वापरलं गेलं.

मालवणच्या मुलांना हे समजावायला समुद्र जवळच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे सॅक्सच्या द्रावणाच्या बारा-तेरा पट, आणि त्यातलं बहुतेक मीठ. त्यात मका घातला तर मरणारच. क्षार हवेत, पण कोणते आणि किती, याला महत्त्व आहे. म्हणूनच आज टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा बघितला तरी सगळं कळत नाही. मीटर क्षारांचं एकूण प्रमाण सांगतो. ते पोषण आहे की नुसतं मीठ, हे सांगत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा आकडा वाढतो, रोपाचं जेवण वाढत नाही.

या पद्धतीची खरी ताकद पुढे आहे. रेसिपीतला एकच घटक काढा, बाकी सगळं तसंच ठेवा. लोह काढलं तर नवी पानं पिवळी. लोह परत घातलं तर पुन्हा हिरवी. सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना आपण हेच करतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मातीत हे जमत नाही, कारण मातीत आधीपासून काय काय आहे ते माहीतच नसतं. सॅक्सला माती नको होती ती भाजी लवकर यावी म्हणून नव्हे. त्याला प्रश्न स्वच्छ विचारायचा होता.

आता यातली एक गंमत. सॅक्सच्या यादीत बोरॉन नाही, जस्त नाही, मँगनीज नाही. तरी रोपं वाढली कशी? कारण त्या काळची रसायनं आजच्याइतकी शुद्ध नव्हती, हे घटक त्यांतून आणि भांड्यांमधून नकळत पाण्यात जात होते. बोरॉनची गरज सिद्ध व्हायला १९२३ उजाडलं; ते काम कॅथरीन वॉरिंग्टन या इंग्लिश शास्त्रज्ञ बाईंनी केलं. यादीत नसलेली, पण सिस्टीम जिच्यावर चाललीय अशी डिपेंडन्सी म्हणतात ती हीच.

पानात स्टार्च, दगडावर मुळांची नक्षी

१८६१ मध्ये सॅक्स बॉनजवळच्या पॉपेल्सडॉर्फला गेला. तिथे त्याने कोड्याचा उरलेला भाग सोडवला. क्षार तर पावणेतीन ग्रॅम, मग झाडाचं बाकीचं वजन येतं कुठून? त्याने दाखवलं की प्रकाशात पानाच्या हरितलवकांमध्ये स्टार्च तयार होतो आणि अंधारात ठेवलं की तो नाहीसा होतो. झाडाच्या सुक्या वजनाचा फार मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि पाण्यापासून बनतो. हेल्मॉन्टचं उत्तर इथे पूर्ण झालं: पाणी हो, पण हवासुद्धा, ऊन लागतंच आणि चिमूटभर क्षारांशिवाय काहीच नाही.

त्याचा आणखी एक प्रयोग मुलांना हमखास आवडेल. गुळगुळीत संगमरवरी फरशी मातीखाली ठेवायची आणि वर रोप वाढवायचं. काही दिवसांनी फरशी काढली तर तिच्यावर मुळांची नक्षी कोरलेली दिसते. मुळातून येणाऱ्या आम्लाने दगड झिजतो. कोरीव काम करणाऱ्याच्या मुलाला हा प्रयोग सुचावा हे छानच.

१८६८ पासून अखेरपर्यंत तो वुर्झबर्गला होता. त्याच वर्षी त्याचं वनस्पतिशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं आणि ते इतर देशांतही शिकवलं जाऊ लागलं. त्यातली कित्येक चित्रं त्याने स्वतःच काढलेली. वर्गात मोठे तक्ते, समोर खरी रोपं, अशी त्याची व्याख्यानं लोकप्रिय होती. त्याने यंत्रंही बनवली. एक यंत्र रोपाची वाढ फिरत्या नळकांड्यावर आपोआप नोंदवायचं. दुसरं, क्लिनोस्टॅट, रोपाला सावकाश फिरवत ठेवायचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम एकाच बाजूला साचत नाही. अंतराळात रोपं कशी वाढतील याचा जमिनीवर अभ्यास करायला आजही हे तत्त्व वापरतात.

जिथे सॅक्स चुकला

आता या आयुष्यातली अवघड बाजू. सॅक्सच्या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण शिकायला येत. त्यात फ्रान्सिस डार्विन होता, चार्ल्स डार्विनचा मुलगा. वडील आणि मुलगा मिळून इंग्लंडमधल्या आपल्या घरी रोपांवर प्रयोग करत होते. साधी भांडी, साधी साधनं. १८८० मध्ये त्यांनी पुस्तक काढलं. त्यात म्हटलं होतं की मूळ खाली वळतं ते मुळाच्या टोकामुळे. टोकाला दिशा कळते आणि तो संदेश मागे जातो. टोक छाटलं तर मूळ वळत नाही.

सॅक्सला हे पटलं नाही. त्याच्या सहायकाने प्रयोग पुन्हा केला आणि निकाल वेगळा आला. मग सॅक्सने १८८२ च्या आपल्या पुस्तकात डार्विन पिता-पुत्रांचे प्रयोग कच्चे आणि त्यांचा अर्थ चुकीचा लावलेला, असं ठरवून टाकलं. त्याच्यासाठी विज्ञान म्हणजे सुसज्ज प्रयोगशाळा. घरातल्या भांड्यांत केलेलं काम त्याला हौशी वाटलं. पुढे जास्त काळजीपूर्वक प्रयोग झाले आणि मुद्दा डार्विन यांचाच बरोबर निघाला.

हे लपवायचं कारण नाही. बरणी, बूच आणि तराजू घेऊन जगाला मातीशिवाय मका दाखवणारा माणूस, दुसऱ्याच्या घरातल्या बरणीवर विश्वास ठेवू शकला नाही. आपल्या शाळांत प्रयोग म्हणजे कपाटात कुलूपबंद साहित्य, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी असतं. चौथीच्या पोराने कापलेल्या बाटलीत केलेला प्रयोग हा खरा प्रयोग नव्हे, असं वाटत असेल तर सॅक्सची ही चूक आठवावी.

शेवटची बरीच वर्षं त्याची तब्येत ढासळलेली होती. २९ मे १८९७ रोजी वुर्झबर्गला तो गेला.

पुढे काय झालं

जवळजवळ सत्तर वर्षं बरणीतली शेती प्रयोगशाळेतच राहिली. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विल्यम गेरिकने ती मोठ्या टाक्यांत नेली आणि पंचवीस फुटी टोमॅटोच्या वेली वाढवल्या. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव १९३७ पासून रूढ झालं. वर्तमानपत्रांनी खूप हवा केली. मग त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये शांतपणे सांगितलं की चांगल्या मातीपेक्षा यात उत्पन्न आपोआप जास्त येतं असं नाही. आजच्या रील्सनाही हे लागू आहे. भारतात १९४० च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला साध्या, स्वस्त साहित्यात हे बसवायचा प्रयत्न केला. त्याला बंगाल पद्धत म्हणतात.

मालवणच्या वर्गात करायचं तर

किट विकत घेण्याची गरज नाही. तिसरी-चौथीच्या वर्गासाठी एवढं पुरे:

१. वुडवर्डसारखा पुदिना घ्या. एकाच मापाचे, एकाच जुडीतले देठ. खालची पानं काढून टाका.

२. तीन सारख्या बाटल्या. पहिलीत पावसाचं किंवा साधं पिण्याचं पाणी. दुसरीत हायड्रोपोनिक्सचं तयार खत, पाकिटावरच्या प्रमाणात. तिसरीत तेच खत. पहिल्या दोन बाटल्यांना काळा कागद गुंडाळा, तिसरी उघडी ठेवा.

३. खत बाईंनी किंवा सरांनीच मोजावं. बाटल्यांवर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी हवीच.

४. बाटली गळ्यापर्यंत भरू नका. मुळांना हवा लागते. खाडीतल्या कांदळवनाची चिखलातून वर आलेली श्वासमुळं मुलांनी बघितलेली असतात, ती त्याचसाठी. देठाचं खालचं टोक पाण्यात ठेवून पाणी आणि बाटलीचं तोंड यांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवली की पंप लागत नाही आणि लाईट गेली तरी काही बिघडत नाही.

५. तोंड कापसाने बंद करा, नाहीतर आठवडाभरात डासांच्या अळ्या दिसतील.

मुळं सगळीकडे फुटतील. साध्या पाण्यातला पुदिना देठातल्या साठ्यावर काही दिवस छान दिसेल, मग मागे पडेल. हा मागे पडण्याचा काळ बघणं महत्त्वाचं, म्हणून प्रयोग आठवड्यात संपवू नका. निदान महिनाभर चालू द्या. उघड्या बाटलीत शेवाळ धरेल, कारण प्रकाश आणि क्षार दोन्ही मिळाले.

बाटलीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट वापरायचं असेल तर ते आपल्याकडे मिळतंच. फक्त आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवा. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचं असेल तर त्यात मीठ असतं.

इथे तुमचा फोन कामाला येतो. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. महिन्याचे तीस फोटो जोडले की सॅक्सच्या फिरत्या नळकांड्याचं काम तुमचा फोन करतोय. पण फोटोवर भागवू नका. मुलांना वहीत चित्रही काढायला लावा. चित्र काढताना मुळाचे केस, पिवळी कड, नवा कोंब हे दिसतं; फोटो काढताना ते निसटतं.

आणि एखाद्या पोराने चौथ्या बाटलीत समुद्राचं पाणी घालू का, असं विचारलं, तर निकाल आधीच सांगून टाकू नका. त्याला बाटली द्या, त्याच्या नावाची चिठ्ठी लावा आणि रोज काय दिसतं ते त्यालाच लिहू द्या.